दुपारी रुसणारा कॉम्प्युटर

"गेलं! पुन्हा गेलं!"

भोपू इतक्या जोरात ओरडला की खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यात एक कुत्रा भुंकायला लागला. त्याला खरं नाव होतं, पण ते फक्त शाळेतल्या हजेरीपुरतं. घरी, दारी आणि मैदानात तो भोपूच.

"ओरडल्यानं नेट परत येतं का रे?" त्याची मोठी बहीण कानात बोटं घालून म्हणाली. ती मुद्दा सोडायची नाही म्हणून सगळे तिला वकील म्हणत. "बाजूला हो. मला बघू दे."

"मघापासून बघतेच आहेस तू! बघून बघून झिजला तो पडदा!"

सुट्टी लागल्या लागल्या दोघं मामाकडे आली होती. मामाच्या मुलाबरोबर रोज तळ्यावर पोहायला जायचं, असा बेत ठरलेला. या मामेभावाला शर्टाची बटणं लावायलाही इतका वेळ लागे की त्याचं नाव गोगू पडलं होतं, म्हणजे गोगलगाय. पण तळं राहिलं बाजूला. रोज दुपारी तिघं आजोबांच्या खोलीत, त्या जुन्या कॉम्प्युटरपुढे डोकं धरून बसत.

कॉम्प्युटर खरंच जुना होता. टेबलाखाली ठेवलेला त्याचा डबा चालू झाला की घरघरायचा. कळफलक पिवळा पडलेला, पण त्याची बटणं मोठी आणि टणक. आणि तेच आजोबांना हवं होतं. मागच्या वर्षीच्या आजारपणानंतर त्यांची जीभ जड झाली होती. बोललेलं घरच्यांनाही जेमतेम कळे, परक्याला तर नाहीच. हातही थरथरायचा. मोबाइलच्या काचेवर एका अक्षरासाठी बोट टेकवलं की तीन उमटायची. या कळफलकावर मात्र एका बोटानं, टक्... टक्... ते मनासारखं बोलू शकत.

बोलायचे ते त्यांच्या दोस्ताशी. तरुणपणी दोघांनी एकाच बंदरात शेजारच्या क्रेन चालवल्या होत्या. आता दोस्त मुलीकडे राहायला गेला होता, पार दूरच्या देशात. इथे दुपारचे चार वाजले की तिथे सकाळ व्हायची, आणि दोघांच्या गप्पा रंगायच्या. आठवडा झाला, चारच्या सुमाराला नेट जायचं ते जायचंच. आजोबा गोल गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसायचे. मग खिडकीकडे तोंड करायचे.

"सकाळी निरोप टाकून ठेवा ना, आजोबा," भोपूनं सुचवलं.

आजोबांनी कोऱ्या पडद्यावर सावकाश टाइप केलं, 'निरोप म्हणजे गप्पा नव्हेत.'

तेवढ्यात मामा आत आला. पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजी मजकुराची एक छोटी खिडकी उगवली होती. मामानं ती न वाचताच टिचकी मारून बंद केली.

"मामा, काय लिहिलं होतं त्यात?" वकीलनं विचारलं.

"असल्या खिडक्या वाचायच्या नसतात, बंद करायच्या असतात. जुनी मशिनं बडबडतातच. हे बघा, नेटवाल्याशी बोललोय मी. माझा फोन चालतो, लॅपटॉप चालतो, म्हणजे नेट ठणठणीत आहे. बिघाड या डब्यात आहे. उद्या तो नवा कॉम्प्युटर आणतोय. हा घेऊन जाईल."

"नवा म्हणजे कसा?" गोगूनं विचारलं.

"एकदम पातळ! कळफलकच नाही. सगळं काचेवर."

आजोबांचं थरथरतं बोट कळफलकावर टेकलं. त्यांनी पहिलं अक्षर शोधलं. मामा तोवर निघूनही गेला होता. मग त्यांनी मुलांसाठी लिहिलं, 'सकाळी दोस्ताचा निरोप आलाय. परवा त्याचं ऑपरेशन. उद्या आमच्या चारला तो बोलेल आणि मग हॉस्पिटलात जाईल.'

तिघांच्या तोंडचं पाणी पळालं.

दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या तिघं कामाला लागली. वकीलनं मागची तार काढून, पुसून, परत घट्ट बसवली. गोगूनं डब्यातली धूळ एकेक कण करत रंगाच्या ब्रशनं झटकली. भोपूनं डब्याला एक सणसणीत चापट मारली. कॉम्प्युटर सुरू केला आणि नेट धडाधड चालू झालं!

"मी दुरुस्त केला!" भोपूनं उडी मारली. "चापटीनं चालला!"

"चापटीनं नाही, तारेनं! मी बसवली तार!"

"धूळ," गोगू शांतपणे म्हणाला.

त्यावरून तिघांची अशी जुंपली की मामीनं येऊन प्रत्येकाला वेगळ्या खोलीत बसवलं. दुपारी तिघं ऐटीत आजोबांच्या खोलीत गेली. साडेतीन झाले होते. कॉम्प्युटर सुरू केला.

पडद्याच्या कोपऱ्यात पिवळा त्रिकोण. नेट नाही!

"चापट मार!" वकील किंचाळली.

भोपूनं मारली. गोगूनं पुन्हा धूळ झटकली. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. भोपूनं बैठकीतल्या नेटच्या पेटीचंच बटण बंद केलं. त्याबरोबर पलीकडून मामाचा आवाज आला, "अरे, माझी मीटिंग चाललीये! कोण आहे रे तिकडे?" पेटी घाईघाईनं सुरू केली. सगळीकडे नेट आलं. आजोबांकडे नाही!

"फेकून द्या हा डबा!" भोपूच्या डोळ्यांत रागानं पाणीच आलं. "मामाचंच बरोबर आहे. म्हातारा झालाय तो!"

बोलून झाल्यावर त्याला आजोबा दिसले. तो एवढासा झाला.

पण वकीलच्या डोक्यात काहीतरी चमकलं. "थांब. म्हातारा माणूस सकाळी तरुण असतो आणि दुपारी म्हातारा होतो का?"

"म्हणजे?"

"म्हणजे कॉम्प्युटर बिघडला असता तर सकाळीही चालला नसता. रोज सकाळी चालतो, रोज दुपारी रुसतो. दुपारी या घरात काहीतरी वेगळं होतंय!"

त्याच वेळी कोपऱ्यात ती खिडकी पुन्हा उगवली. भोपूचा हात सवयीनं ती बंद करायला गेला. वकीलनं त्याचं मनगटच पकडलं. "खबरदार! गोगू, वाच."

गोगूनं वाचायला आपल्या पद्धतीनं वेळ घेतला. भोपूला वाटलं, आता आपण फुटणार.

"यात लिहिलंय," गोगू शेवटी म्हणाला, "की याच नेटवर्कवर दुसऱ्या कुणाकडे तरी हाच पत्ता आहे."

"कसला पत्ता?"

"घरातल्या प्रत्येक यंत्राला नेटच्या पेटीकडे एक नंबर असतो," वकील म्हणाली. "आपल्या इमारतीत घरांना असतो ना, तसा. आता शेजारच्यांनीही दारावर आपलाच नंबर लावला तर? आलेलं पार्सल कुणाला द्यायचं? आजोबांचा नंबर लावून घरात कुणीतरी बसलंय!"

"तोतया!" भोपू ओरडला, आणि खाली पुन्हा कुत्रा भुंकला.

शोध सुरू झाला. मामीचा वरच राहिलेला मोबाइल बंद केला. काही नाही. बैठकीतला टीव्ही भिंतीतूनच बंद केला. काही नाही. मामाचा लॅपटॉप बंद करायला भोपू रांगत टेबलाखाली शिरला आणि कान धरून बाहेर काढला गेला.

"आता काही उरलंच नाही!" वकील वैतागून जिन्याच्या पायरीवर बसली. "सगळं तर बघितलं. चार वाजायला आलेत!"

गोगू जिन्यावर उभा राहून खालचं भुंकणं ऐकत होता. "कुत्रे सकाळी भुंकत नाहीत," तो म्हणाला.

"तुझं काय मध्येच?"

"आईचा दवाखाना दुपारी तीनला उघडतो. सकाळी खाली सगळं बंद असतं."

वकीलनं त्याला मिठीच मारली. दोघं धडाधडा जिना उतरली. गोगूसुद्धा! भोपूला वर कॉम्प्युटरपाशी ठेवलं. त्याचा आवाज दोन मजले सहज ऐकू जायचा.

मामी जनावरांची डॉक्टर होती. टेबलावर एक लठ्ठ मांजर होतं आणि मामी त्याच्या तोंडात गोळी घालायच्या खटपटीत होती. कोपऱ्यात एक नवा कोरा पांढरा प्रिंटर मिचमिचत होता.

"मामी, हा कधी आणला?"

"मागच्या आठवड्यात. नेटवाल्यानं बसवला. हात लावू नका हं, त्यानं बजावलंय... अगं बाई, थुंकली गोळी!"

मामी गोळी शोधायला वाकली. वकीलनं बटण दाबलं. प्रिंटरचा दिवा विझला.

"भोपू, तार काढून परत लाव!" ती खालून ओरडली.

मग वरून गर्जना झाली, "आलंऽऽऽ!"

मांजर थेट कपाटावर चढलं.

वकील आनंदानं वर पोचते तर काय, दारात नेटवाला उभा! काखेत नव्या कॉम्प्युटरचा खोका. मामा टेबलाखाली वाकून जुन्या डब्याची वायर उपटायला निघालेला. भोपू डब्याला कवटाळून बसला होता.

"मामा, थांब! सापडलंय आम्हाला! प्रिंटरमुळे होतंय!"

"प्रिंटर?" नेटवाला हसला. "बाळ, प्रिंटर कागद छापतो. नेट खात नाही. माझी इतकी वर्षं गेली या धंद्यात. हा डबा संपला आता."

"त्याला नंबर तुम्ही हातानं दिलात का, काका?"

"कुठे काय टाकलं ते मला बरोबर माहीत असतं. तू नको शिकवूस मला. साहेब, काढा ती वायर."

वकीलचे कान तापले. चारला पाचच मिनिटं होती. वाद घालून उपयोग नाही, हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच पटलं असावं. ती एकदम गोड आवाजात म्हणाली, "बरं काका. पण नेण्याआधी एक गंमत बघा. हा कॉम्प्युटर भोपूचं ऐकतो. भोपू, सांग त्याला!"

भोपूला आधी कळेना. मग गोगू अजून खालीच आहे हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं छाती भरून घेतली. "बंऽऽद!"

'बंद ऐकलंस की प्रिंटर लाव, चालू ऐकलंस की विझव,' असं वकील वर येताना गोगूला बजावून आली होती. त्यानं प्रिंटर सुरू केला. नेटवाल्याच्या डोळ्यांदेखत पडद्यावर ती खिडकी उगवली आणि नेट गेलं.

"चाऽऽलू!"

गोगूनं प्रिंटर विझवला, वकीलनं तार काढून लावली. नेट आलं.

"योगायोग," नेटवाला म्हणाला, पण त्याचं हसू जरा आटलं होतं.

"बंऽऽद!" गेलं. "चाऽऽलू!" आलं.

नेटवाल्यानं खोका खाली ठेवला आणि स्वतःच ओरडून बघितलं, "बंद!" त्याच्या आवाजाला गोगू कशाला भीक घालतोय! नेट ढिम्म हललं नाही. आजोबांचे खांदे गदगदायला लागले. ते हसत होते!

"आता वाचा ती खिडकी, मामा," वकील म्हणाली. "एकदा तरी. बंद न करता."

मामानं वाचली. वाचता वाचता त्याचा चेहरा पडला. "या कॉम्प्युटरला ठरावीक नंबर मीच दिला होता. कॉलेजात असताना. शेवटी शंभर टाकले, लक्षात ठेवायला सोपे म्हणून."

सगळ्यांनी नेटवाल्याकडे पाहिलं. त्यानं घसा साफ केला. "प्रिंटरलाही मी... शंभरच टाकले. सोपे पडतात. आधी कुणाचे आहेत का, ते बघायला हवं होतं."

"मग बदला!" तिघांपैकी दोघं एकदम ओरडली. तिसरा अजून जिन्यात होता.

नेटवाला जवळजवळ पळतच खाली गेला. प्रिंटरचा नंबर बदलला, प्रिंटर सुरू केला. वर सगळे श्वास रोखून उभे. खिडकी उगवली नाही. पिवळा त्रिकोण आला नाही. खाली प्रिंटर कागद छापत होता आणि वर आजोबांच्या पडद्यावर दोस्ताचं नाव हिरवं झालं.

'चारला कुठे मेला होतास आठवडाभर?' दोस्तानं लिहिलं होतं.

टक्... टक्... आजोबांचं बोट चालू लागलं. पुढचा शब्द भोपूच्या अगदी बोटांवर आला होता, पण त्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधून ठेवले.

'माझ्याच घरात माझा तोतया बसला होता. मोठ्यांनी मलाच भंगारात काढलं. पोरांनी तोतया पकडला.'

मग पलीकडून उत्तर उमटलं, 'पोरांना माझ्याकडे पाठव. डॉक्टर उद्या माझं हृदय उघडणार म्हणतात. आधी कुणीतरी नीट वाचून बघितलेलं बरं.'

मामी मांजर काखेत घेऊन दारात उभी होती. तिनं एका हातानं गोगूच्या केसांतून बोटं फिरवली. "मी आठवडाभर त्या प्रिंटरच्या शेजारी बसलेय आणि मला पत्ता नाही! शाबास रे पोरांनो."

"मीटिंगमध्ये पेटी बंद केलीत ते माफ," मामा खजील होऊन म्हणाला. "आणि तुझा कान धरला तेही चुकलं, भोपू. उद्या तळ्यावर मी स्वतः नेतो." नेटवाल्यानं खोका पुन्हा काखेत मारला आणि वकीलला विचारलं, "आणखी काही घोळ असेल तर आत्ताच सांग, ताई."

आजोबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते सावकाश, एकेक अक्षर शोधत दोस्ताला लिहीत होते, आणि तिघं पोरं त्यांच्या खुर्चीमागे अजिबात घाई न करता उभी होती.

'घाबरू नकोस. क्रेनवर असताना तुझा हात कधी हलला नाही. त्या डॉक्टरचाही हलणार नाही. शुद्धीवर आलास की चार वाजता ये. मी इथेच आहे.'