उंबऱ्यावरचा तांबडा दगड

खाणीची वाट विचारायला आलात, तर आधी बसा. पाणी देईन थोड्या वेळानं. बेळगावाहून आलेल्या माणसाला दारातून हाकलावं एवढा काही मी वाया गेलेलो नाही, गावात तसंच सांगत असले तरी. कंपनीच्या वेळी मी त्या खाणीचा मुकादम होतो. माझ्या हाताखाली एकेचाळीस माणसं होती आणि त्यांतलं एकही मला चांगलं म्हणत नव्हतं. मलाही त्यांचं कौतुक नव्हतं.

हिऱ्याची खाण म्हणजे तुम्हाला बोगदा वाटत असेल. तसलं काही नाही. उघडा खड्डा, नरसाळ्यासारखा, वर रुंद आणि खाली निमुळता. कडेनं पायऱ्या, एकेक पायरी दोन पुरुष उंच. वर पिवळी भुसभुशीत माती लागली, तिच्याखाली निळा दगड. साहेब म्हणायचा, हा दगड पाताळातून उकळत वर आलाय, हिरे घेऊन. तो फोडून माळावर पसरायचा. वर्षभर ऊन-पाऊस खाऊन भुसभुशीत झाला, की धुवायचा आणि चरबी फासलेल्या फळीवरून पाण्याबरोबर सोडायचा. साधा खडा भिजतो आणि वाहून जातो. हिऱ्याला पाणी लागत नाही. तो चरबीला चिकटून बसतो. एवढं ध्यानात ठेवा.

सुरुंग रोज भर बाराला उडायचा. त्याआधी खड्डा रिकामा हवा. आमच्या लोकांचा हजेरीच्या कागदावर भरवसा नव्हता. आमच्यातच दगड फोडणाऱ्या अंबुबाईचा नवरा कागदावर वर आला होता आणि खाली मेला होता. तेव्हापासून तिनं एक रीत पाडली. प्रत्येकानं आपल्या उंबऱ्याजवळचा एक दगड आणायचा, उतरताना काठावरच्या फरशीवर ठेवायचा, वर आल्यावर उचलायचा. फरशी मोकळी दिसली, की मी सुरुंगाच्या इशाऱ्याचं शिंग फुंकायचो.

चैत्रात एके दिवशी सगळे वर आले आणि फरशीवर एक दगड राहिला. निळा, लिंबाएवढा. कुणाचाच नव्हता. मी खाली जाऊन बघून आलो. तापलेल्या दगडाचा आणि सुरुंगाच्या दारूचा वास कोंडला होता, वारा नव्हता, कावळासुद्धा बोलत नव्हता. माणूस कुणी नाही. मी तो दगड लाथेनं खाली उडवला आणि शिंग फुंकलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा फरशीवर होता.

अंबुबाई माझ्याजवळ आली. "मुकादम, आपण वरची माणसं. आत जाताना वरचा दगड ठेवतो."

"बरं मग?"

"ह्यो दगड खालचा हाय. म्हंजे खालचं कोण तरी... वर आलंय. ते माघारी जाईपातूर शिंग फुकू नगा."

"तुझा नवराच असंल बघ," मी म्हणालो. अशी माझी जीभ. ती पुन्हा कधी माझ्याशी बोलली नाही. आज त्याचं वाईट वाटतं.

आठवडाभरात सवय झाली. एक दगड राहायचाच. मी डोकी मोजायचो आणि एकेचाळीस भरली की शिंग फुंकायचो.

माझा धाकटा भाऊ मष्णू तळाच्या पायरीवर होता. मीच लावला होता. आई म्हणायची, पोराला सांभाळ. आणि मुकादम भावाला झुकतं माप देतो असं कुणी म्हणू नये, म्हणून मी त्याला सगळ्यांत वाईट जागा दिली. एका सकाळी तो काठावरच अडून बसला.

"अण्णा, मला आज वरची पायरी दे."

"का रं?"

"तळाला कोण तरी माझ्यागत खोकतंय... मी थांबलो की ते बी थांबतंय."

"काम चुकवायला लई गोष्टी येत्यात तुला. उतर खाली."

त्यानं आपला दगड फरशीवर ठेवला आणि उतरला. आमच्या दारचा तांबडा जांभा दगड, त्यावर लहानपणी आम्ही दोघांनी कोरलेली फुली.

बाराला माणसं वर आली. एकेचाळीस. मष्णू सगळ्यांत शेवटी आला, मी या डोळ्यांनी पाहिला. फरशीवर रोजच्यासारखा एक दगड होता. उन्हानं डोळे दिपत होते, मी नीट बघितलं नाही. शिंग फुंकलं, सुरुंग उडाला. धूळ बसल्यावर दगड लाथाडायला गेलो, तर तो तांबडा होता.

माणसं जेवायला बसायची त्या झाडाखाली मी ओरडत धावलो. मष्णू भाकरी खात बसला होता.

"दगड का उचलला न्हाईस रं?"

"कसला दगड?" तो म्हणाला.

खड्ड्यात कुणी सापडलं नाही. शोधलंच कुणी? सगळे वर होते ना. निळा दगड मात्र त्या दिवसापासून दिसला नाही.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आई त्याला तेल लावायला बसली. पाठीवरून हात फिरवला आणि हात तिथंच राहिला. "अण्णाप्पा," ती हळूच मला म्हणाली, "हात निघंना रं..." मी ओढून सोडवला. मग तिनं त्याच्या डोक्यावर तांब्या ओतला. पाणी आलं तसं ओघळून गेलं, एक केस भिजला नाही. माझं पोर कुठं टाकून आलास, एवढंच ती मला मरेपर्यंत विचारत राहिली.

पुढं कंपनी गेली, खड्डा पाण्यानं भरला. मी तो तांबडा दगड उंबऱ्यावर ठेवला. भाऊ कधी वर आला, तर उचलेल. अठरा वर्षं हा घरातला रोज त्या दगडाला ओलांडून जातो, हात लावत नाही. मी त्याला जेवायला वाढतो, कारण चेहरा मष्णूचा आहे.

परवापासून तुमची माणसं इंजिन लावून खाणीतलं पाणी उपसतायत, आवाज इथवर येतो. आज भर बाराला मी घरामागच्या परड्यातून आलो, तर उंबऱ्यावर दगड नव्हता. ओली पावलं होती, आत गेलेली. घरातला तर सकाळपासून अंगणात बसलाय, तो बघा, कोरडा. तुम्हाला पाणी देतो म्हणालो, पण आत जायला माझे पाय उचलत नाहीत.

ऐकलंत? आत कुणी तरी खोकलं. आणि अंगणातला उठून उभा राहिला.