आत्याचं एकशे दहा व्होल्टचं मशीन

त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचं तोंडच दिसत नव्हतं. चादरीत बांधलेलं एक भलंमोठं गाठोडं आमच्या दुरुस्तीच्या दुकानाचा जिना चढत वर आलं, आणि गाठोड्याखाली दोन पाय होते. पायांना उंबरठा दिसला नाही. गाठोडं पुढे झुकलं, मी हातातलं काम टाकून धावले... आणि आम्ही दोघांनी ते हवेतच धरलं. माझी बोटं त्याच्या बोटांवर.

"सोडू नका हं," गाठोड्यामागून आवाज आला.

"तुम्हीच सोडू नका," मी म्हणाले. "मला यात काय आहे तेही माहीत नाही."

चादर सोडली तर आत जुना कॉम्प्युटर! माझ्या जन्माआधीचा, बदामी रंगाचा, कीबोर्ड अंगातच बसवलेला. जवळ नाक नेलं तर जळका वास.

"कोणी जाळला?"

"मीच," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

तो दाताचा डॉक्टर होता. त्याची आत्या तरुणपणी परदेशात नोकरीला होती. तिथे तिने या मशीनवर एक खेळ स्वतः लिहिला होता. मशीन घेऊन ती परतली, पण तिथली वीज एकशे दहा व्होल्टची आणि आपली दोनशे तीसची. म्हणून ते पस्तीस वर्षं ट्रंकेतच राहिलं. खेळ घरात कोणी पाहिला नाही, आणि हळूहळू सगळे त्याला 'आत्याची थाप' म्हणू लागले. येत्या रविवारी आत्याला सत्तर वर्षं पूर्ण होणार होती. तिला चकित करायचं म्हणून या गृहस्थांनी मशीन काढलं, पुसलं आणि सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावलं.

"फट्ट झालं," तो म्हणाला. "मग धूर. शेवटी आत्यालाच फोन करून कबूल केलं."

"डॉक्टर, भूल न देता दात उपटलात तुम्ही."

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त मिटत होता. मी घाईघाईने स्क्रू काढायला घेतले.

कोपऱ्यात घड्याळं दुरुस्त करत बसलेले माझे अप्पा भिंगातून बघत म्हणाले, "जुना पॉवर सप्लाय नीट कर आणि बाहेर एक ट्रान्स्फॉर्मर दे लावून. कशाला जीव काढतेस?"

"आणि उद्या पुन्हा कोणीतरी ट्रान्स्फॉर्मर विसरून थेट लावेल," मी डॉक्टरांकडे बघितलं. "कोणीतरी म्हणजे कोण, ते सांगत नाही. सगळा सप्लाय बदलते, अप्पा. इथल्याच विजेवर चालेल असा, आतल्या आत."

"पण मुख्य बोर्ड... तो वाचलाय का?" डॉक्टरने हळूच विचारलं.

"ते सप्लाय बसल्यावरच कळेल."

त्याचा चेहरा पडला. का कोण जाणे, मलाच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा हजर. "इथून जात होतो." तिसऱ्या दिवशीही 'इथून जात' होता. त्याचा दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला होता हे अप्पांनी शोधून काढलं, आणि दिवसभर गालातल्या गालात हसत बसले.

मी काम करायची, तो स्टुलावर बसून बघायचा. जुन्या सप्लायमधून विजेचे चार वेगवेगळे दाब निघत होते. पाच आणि बारा सोपे, पण उणे पाचचा दाब आता कुठल्याच तयार सप्लायमध्ये मिळत नाही. तो मी उणे बारामधून वेगळा काढला. पंखासुद्धा एकशे दहाचाच होता, तोही बदलला. हात पोचत नव्हता तिथली तार डॉक्टरने स्वतःच्या चिमट्याने धरली. काय स्थिर हात! मी सोल्डरचा डाग दिला तरी हलला नाही.

"श्वास घ्या," मी म्हणाले.

"तुम्ही इतक्या जवळ असताना?... म्हणजे, सोल्डरचा धूर येतोय ना."

अप्पांना अचानक खोकला आला.

गुरुवारी चहाबरोबर बिस्किटं होती. दोन खाल्ल्यावर तो म्हणाला, "डावी दाढ किती दिवस दुखतेय?"

मी चाट पडले. "कोणी सांगितलं?"

"सोमवारपासून बघतोय. तुम्ही फक्त उजवीकडून चावता."

घरात कोणाला कळू दिलं नव्हतं मी. दोनशे तीस व्होल्टला हात घालणारी मी, दाताच्या खुर्चीला मात्र लहानपणापासून घाबरते. त्याने हसून विषय सोडला नाही की चिडवलं नाही, सरळ दुसऱ्या दिवशीची वेळ दिली. शुक्रवारी सकाळी मी त्याच्या खुर्चीत होते. तो प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगत होता – आता टोचेल, आता फक्त आवाज येईल, आता संपलं. खरंच संपलं. बाहेर पडले तेव्हा अर्धं तोंड बधिर होतं, आणि उरलेलं अर्धं वेड्यासारखं हसत होतं.

शनिवारी दुपारी नवा सप्लाय तयार झाला. बोर्डाला जोडण्याआधी मी त्याला गाडीचा छोटा दिवा जोडला. दिवा लख्ख पेटला. चारही दाब मीटरवर बरोबर. मग बोर्ड जोडला, आणि दुकानातला एक जुना मॉनिटरही.

"तुम्ही बटण दाबा," मी म्हणाले.

"नको! मागच्या वेळी मीच..."

"म्हणूनच."

त्याने डोळे मिटले आणि बटण दाबलं. पंखा फिरला. एक क्षण... दोन... आणि मग, टुंग्! पडद्यावर हिरवा चौकोन लुकलुकू लागला. डॉक्टरने आनंदाने माझे दोन्ही हात धरले. धरलेत हे लक्षात आल्यावर सोडले. सोडले नसते तरी चाललं असतं.

रविवारी मी मशीन आणि तो मॉनिटर घेऊन त्यांच्या घरी गेले. खोलीभर माणसं. आत्या खिडकीजवळ ताठ बसल्या होत्या, पांढरे केस बारीक कापलेले.

"ताई, आज तरी दिसणार का तुझी थाप?" डॉक्टरचे वडील म्हणाले. सगळे हसले. आत्या हसल्या नाहीत.

मी बटण दाबलं. पडद्यावरचं चित्र वर वर पळू लागलं. कोणीतरी "गेलं!" म्हणालं. मी मॉनिटरच्या मागची कळ सावकाश फिरवली आणि चित्र जागेवर थांबलं. आत्यांनी जपून ठेवलेली खेळाची फ्लॉपी स्वतः आत सरकवली. खर्र... खर्र... खर्र. डॉक्टर माझ्या शेजारी उभा होता. आमच्यात बोटभर अंतर, आणि तो श्वास घेत नव्हता.

हिरव्या रेषांची नदी उमटली. तिच्यात एक होडी. आणि खाली आत्यांचं नाव, तारखेसकट.

मग आत्यांची बोटं कळांवर पडली आणि होडी खडकांमधून सळसळत निघाली. पस्तीस वर्षांत एक वळणही त्या विसरल्या नव्हत्या! वडील खुर्ची ओढून पुढे सरकले, तीनदा खेळले आणि तीनदा बुडाले.

"ताई, हरलो गं," ते म्हणाले. "कान पकडतो."

आत्यांनी त्यांचा कान खरोखरच पकडला. टाळ्यांनी खोली दणाणली. मग त्या माझ्याकडे वळल्या. "पोरी, हा आठवडाभर मला फोन करतोय. मशीनबद्दल एक वाक्य आणि बाकी सगळं तुझ्याबद्दल."

"आत्या!" डॉक्टर ओरडला, आणि थेट स्वयंपाकघरात पळाला.

मी मागोमाग गेले. तो नळ सोडून त्याखाली ग्लास धरून उभा होता. ग्लास भरून वाहत होता.

"आत्या काहीही बोलते... म्हणजे, खरंच बोलते," तो म्हणाला. "मी सांगणारच होतो. नीट शब्द जुळवून, उद्या..."

"मला तू आवडतोस," मी म्हणाले.

आजवरचं 'तुम्ही' कुठे गेलं, मलाही कळलं नाही. त्याने नळ बंद केला. ग्लास ठेवला. ओले हात शर्टाला पुसले.

"पुन्हा म्हण ना."

"आधी तू."

"मला तू... सोमवारपासून," तो म्हणाला, आणि त्याचा तो एक डोळा पूर्ण मिटला.

बाहेरून आत्यांची हाक आली, "पुढचा नंबर कोणाचा?" आम्ही जाऊन कीबोर्डसमोर एकाच खुर्चीवर कसेबसे बसलो. डावी कळ त्याची, उजवी माझी. होडी निघाली आणि पहिल्याच खडकावर आपटली.

"अरे, लक्ष कुठे आहे तुमचं?" वडील ओरडले.

"असू दे," आत्या म्हणाल्या आणि स्वतःच वाकून खेळ पुन्हा सुरू करून दिला.