शंकररावांचा सिलिंडर

जानेफळहून चिखलीला जाणारी एसटी डोळ्यांदेखत निघून गेली, म्हणून मी समोरून येणाऱ्या पांढऱ्या व्हॅनला हात दाखवला.

"चिखलीले ना मॅडम? बसा."

गोरागोमटा नव्हता, पण हसला की... जाऊ दे! नाव हरिओम. आरशातून चोरून पाहायचा, पकडला गेला की रस्ता बघायचा. मला राग यायला हवा होता, आला नाही.

चढावर गाडी खोकायला लागली.

"गॅसवर हाय ना," तो म्हणाला. "स्वस्त पडते, इंजिनबी साफ राह्यते. पण दम नाही त्यात. पेट्रोलवर हाच चढ हसत चढते."

"मंग पेट्रोलच टाका की!"

त्यानं नुसता गिअर बदलला. तेवढ्यात उग्र वास आला. मी सीटमागची सतरंजी उचलली आणि माझी बोबडीच वळली. खाली घरगुती लाल सिलिंडर, त्याला नळी जोडलेली!

"थांबवा गाडी! बॉम्बवर बसवलं होय मले?"

खरा धक्का पुढेच होता. सिलिंडरवर खडूनं लिहिलं होतं, 'शंकरराव'. नाव माझ्या बाबांचं, अक्षर माझं! गॅसची गाडी गावात आली तेव्हा अदलाबदल नको म्हणून परवा मीच लिहिलेलं. बाबा म्हणाले होते, "मामाकडे दिला." आणि घरी आई चुलीपुढे धूर खातेय!

"हा आमचा हाय!"

"हो..." त्यानं मान खाली घातली. "तुमचे बाबाच विकत देतात मले. दर महिन्याले खांद्यावर घेऊन तुमच्याच अंगणातून जातो. सिलिंडर असला की माणसाचं तोंड कोणी पाह्यत नाही."

"पेट्रोल परवडत नाही काय?"

"परवडते मॅडम. पण मंग तुमच्या अंगणात यायले निमित्त काय राह्यलं असतं?"

एवढ्यासाठी?

"अन् जळून मेलो असतो तं?"

त्यानं सगळी दारं उघडली, सिलिंडर बंद केला, नळी काढून लांब फेकली. मग हळूच विचारलं, "पेट्रोल हाय टाकीत. पुन्हा बसान का?"

वास जाईपर्यंत मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. जावं की राहावं?

"बसते... पुढं. पण चिखलीले नाही, घरी चला. सिलिंडर आईच्या हातात द्यायचा, सगळ्यायदेखत."

"अन् शंकरराव?" त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाबायले मी पाहून घेते. त्यायनं विचारलं हा कोण, तं..." मी पुढच्या सीटवर जाऊन बसले. "...तं जावई म्हणून सांगते."

हरिओमच्या हातून चावी खाली पडली.