छतावरच्या तारखा

विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. पण हे माझ्याच घरी घडलंय, गेल्या महिन्यात, भर दिवसा. तो ढिगारा मी स्वतः उपसलाय.

आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. मी, मोठा भाऊ आणि आई. अर्धांगवायूने आईचं बोलणं गेलं, तेव्हापासून ती आतल्या खोलीत पडून. तिच्या पलंगाच्या बरोबर वर छताला ओल आली. ताटाएवढी.

मिस्त्रींनी शिडी लावली, ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. तीन.

"आठ दिवस रंगाला हात लावू नका, ताई. ओल रेघेबाहेर गेली, तर गळती चालू आहे समजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वर पाहिलं, तर...

बाहेरून आणखी एक रेघ. चार तारीख.

"मिस्त्री येऊन गेला असेल," दादा म्हणाला. "तुझं लक्ष कुठे असतं?"

सगळ्याचं खापर माझ्या डोक्यावर फोडायची त्याला सवयच आहे. मी फोन केला. मिस्त्री कालपासून बाहेरगावी होते.

पाच तारखेला तिसरी रेघ. ओल अजून बरीच आत होती. संध्याकाळपर्यंत ती पसरत गेली... आणि बरोबर त्या रेघेवर थांबली.

आधी रेघ. मग ओल.

आमच्या घरात शिडीच नाही.

सहा तारखेला मिस्त्री आले. तोवर चौथी रेघ चारही भिंतींना टेकली होती. तिच्याजवळ तारीख होती... नऊ.

"अक्षर माझंच आहे, ताई," ते हळूच म्हणाले. "पण हे मी लिहिलेलं नाही."

ते शिडी चढलेच नाहीत.

मी दादाशी भांडून आईचा पलंग बाहेरच्या खोलीत आणला. नऊ तारखेला दुपारी चार वाजता आतलं छत कोसळलं. पलंगाच्या जागेवर गुडघाभर ढिगारा होता.

दादा रडला. "कोणीतरी आपल्याला सावध करत होतं गं," म्हणाला. मीही तेच मनाशी धरून बसले. दुसरं काय करणार?

काल बाहेरच्या खोलीत आईला भरवत होते. ती घास घेईना. सारखी वर बघत होती, कोणी काम करताना बघावं तशी.

मीही वर पाहिलं. छत खडखडीत कोरडं. पण पलंगाच्या बरोबर वर...

पेन्सिलीची रेघ. ताटाएवढी गोल.

तारीख अजून लिहिलेली नाही.

पलंग हलवायला हवा. पण आमच्या घरात खोल्या दोनच आहेत.