आवाज येतोय का?

बसा रे सगळे, मोबाईल पालथे घाला. ही गोष्ट ऐकीव नाही. आपल्या गुरुशांतची आहे. जुळे सोलापुरात राहतो, कचेऱ्यांतले मीटिंगचे स्पीकर दुरुस्त करतो, तो.

गेल्या डिसेंबरातली अकरा तारीख, संध्याकाळचे पावणेआठ. एका सरकारी कचेरीतून फोन आला. "स्पीकर आपोआप कुणाला तरी जोडला जातोय. उद्या सुनावणी आहे, लगेच या." बघा, कामगार मेला तर चौकशीला दोन वर्षं, आणि यंत्र बिघडलं की तासाभरात माणूस हजर पाहिजे!

गुरुशांत निघाला, पण कचेरीच्या जिन्यातच थांबला. वरच्या सुनावणीच्या खोलीत जूनमध्ये शिवम्माची ऑनलाइन सुनावणी झाली होती, स्पीकर सांभाळायला हाच होता. तिचा नवरा सिद्धलिंगप्पा कारखान्यात बॉयलर फुटून गेला. मालक म्हणे, तो त्या दिवशी कामावर नव्हताच. त्याला आत जाताना पाहिलेली एकटी शिवम्मा. आजारी, म्हणून अक्कलकोटकडच्या गावातून फोनवर हजर. तिचा आवाज घुमायला लागला, स्पीकर किंचाळला, साहेब डाफरले. गुरुशांतने घाईघाईत स्पीकरचा आवाज शून्यावर नेला आणि तसाच ठेवला. साहेबांनी रीतीप्रमाणे तीनदा पुकारा केला. स्क्रीनवर तिच्या नावापुढची हिरवी पट्टी तिन्ही वेळा उसळली. ती बोलत होती. गुरुशांत बघत होता.

"काय हो, बाई का बोलत नाही?"

चूक कबूल करायची तर काम जाणार. "तिकडूनच रेंज नाही, साहेब."

गैरहजर. प्रकरण बंद. पंधरा दिवसांत शिवम्मा गेली.

आता त्या खोलीत तो एकटा. शिपाई मैनुद्दीनचाचा चहा आणायला गेलेले. स्पीकरवर निळा दिवा, म्हणजे जोडलेला. कुणाला? त्याने ब्लूटूथच्या यादीतली सगळी नावं पुसली. दिवा तसाच. रीसेट केला. तसाच. वायर उपटली, बटण दाबून बंद केला.

तसाच.

खरखर झाली.

"साहेब, मी हाय की... माजा आवाज येतोय का?"

गुरुशांतने उपटलेल्या वायरीकडे पाहिलं.

"येतोय का आवाज?"

त्याचा हात पुढे गेला. आवाज कमी करायच्या बटणावर. बोट तिथंच थांबलं...

"येतोय का रं, लेका?"

तिसरी वेळ.

...

"येतोय, आक्का," तो हुंदका देत म्हणाला. "त्या दिवशी पण... तू बोलत होतीस. मीच बंद केला होता."

दिवा विझला.

तिथंच बसून त्याने सगळं कागदावर लिहिलं, खाली सही केली, साहेबांच्या टेबलावर ठेवलं. चाचा चहा घेऊन आले, कागद वाचला.

"काम जाएगा तेरा, बेटा."

"जाऊ दे, चाचा."

गेलंही. पण प्रकरण पुन्हा उघडावं लागलं, ते पुढचं. त्या रात्री निघताना चाचांचं लक्ष स्पीकरच्या वरच्या काचेकडे गेलं. अगदी तोंड टेकवून कुणी बोलल्यावर धरते, तशी तिच्यावर वाफ. चाचांनी फडक्यानं पुसली. जाईना. पुन्हा पुसली.

गुरुशांतने बोट फिरवलं. कोरडं...

वाफ आतल्या बाजूनं होती.