न पिंजलेली लोकर

जळकोटच्या हायवेपासून थोडं आत, हरभरा काढून मोकळ्या झालेल्या रानाला लागून वैजनाथचं घर होतं, आणि घराच्या मागं त्यानं नवं शेड उभं केलं होतं. लोखंडी अँगल, चहूबाजूंनी पत्रा, वरही पत्रा, एक खिडकी, एक दार. विहिरी-बोअरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या आणि त्यांत तांब्याची तार नव्यानं भरायची, हा त्याचा धंदा. मुरुमला दुसऱ्याच्या दुकानात उमेदीची वर्षं घालवल्यावर हे स्वतःचं छप्पर मिळालं होतं. त्यानं हौसेनं नारळ फोडला, पेढे वाटले. आणि चैत्र लागला तसं त्याच्या लक्षात आलं, की आपण दुकान नाही, भट्टी बांधलीय.

पान्हा उचलायला हाताला फडकं गुंडाळावं लागे. पंखा लावला तर गरम वारं तोंडावर यायचं. दुपारचं काम बंदच पडलं. त्याची बायको दैवशाला हसायची, "पापड वाळवायला बरी जागा केली तुमी. लई झ्याक."

वैजनाथला डिवचलं की त्याचं डोकं चालायचं. मोबाइलवर त्यानं पाहिलं होतं, की परदेशातले लोक भिंती दुहेरी करतात आणि मधल्या पोकळीत काचेची लोकर भरतात. काचेची! इथं तर खरी लोकर उकिरड्यावर पडत होती. त्याचा मामा धोंडीबा अजून मेंढरांचा कळप राखून होता. पूर्वी घोंगडी विणणारे लोकर न्यायला दारात यायचे. आता कुणी फुकटसुद्धा नेत नव्हतं, आणि मामा कातरलेली लोकर पोत्यात भरून बांधावर टाकून द्यायचा.

"ने की बाबा, ने," मामा म्हणाला आणि टमटम भरून पोती आणून टाकली. लोकर काळी-राखाडी, तेलकट, कुसळांनी भरलेली होती. कळपाचा सगळा वास तिच्यात तसाच होता.

वैजनाथची आई म्हाळसाबाई ओट्यावरून उठून आली. ती मेंढरांच्या घरातच जन्मलेली आणि मेंढरांच्याच घरात दिलेली. तिनं एक पुंजका बोटांत चुरगळून पाहिला.

"आदी पिंजून घे वैजा. वारं लागू दे तिला."

"अगं आय, घोंगडं थोडंच विणायचंय? भिंतीत तर भरायचीय."

"पिंजल्याबिगर लोकर कोंडू न्हाय."

"का पण?"

 हा प्रश्न म्हातारीला आजवर कुणी विचारलाच नव्हता. "का म्हंजे? न्हाय कोंडत. माझ्या बापानं कोंडली न्हाय, सासऱ्यानं कोंडली न्हाय."

कारण सांगता येत नाही ते ऐकायचं कशाला, असा वैजनाथचा खाक्या. शिवाय दारात मोटारींची रांग लागली होती. पिंजायला बसला असता तर उन्हाळा तिथंच सरला असता. त्यानं पत्र्याच्या आतून चौकटी ठोकल्या, त्यांवर प्लायवूड लावलं आणि मधल्या पोकळीत लोकर तशीच कोंबली. किडा-मुंगी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला आणि चुना घातला, एवढंच.

लोकर कोंबायला ज्ञानू होती. ज्ञानेश्वरी, त्याची एकुलती एक लेक, नुकतीच दुसरी पास झालेली. सकाळी डोळे उघडल्यापासून तिच्या तोंडाचा पट्टा जो सुरू व्हायचा तो झोपेपर्यंत. शाळेतल्या बाई, मांजरीची पिल्लं, कुणाच्या शेळीला दोन करडं झाली, सगळं सांगून झाल्याशिवाय तिला घास उतरायचा नाही. दैवशाला कावायची, पण वैजनाथला ती बडबड हवीच असायची. तार भरताना ती शेजारी नसली तर त्याचे वेढे चुकत. त्या दिवशी ज्ञानू लोकरीच्या एकेका पुंजक्याशी काहीबाही बोलून त्याला आत ढकलत होती.

शेड असं गार झालं, की वैजनाथ हरखून गेला. बाहेर रान करपत होतं आणि आत देवळाच्या गाभाऱ्यासारखा गारवा. गिऱ्हाईकं टेकायला लागली. ज्ञानू तर जेवण झालं की थेट शेडात. मागच्या भिंतीला पाठ लावून बसायची आणि बोलत राहायची.

पहिल्यांदा खटकलं ते गिऱ्हाइकाला. लोहाऱ्याकडचे शरणबसप्पा मोटार न्यायला आले आणि बोलता बोलता कानात बोट घालून हलवू लागले. "वैजनाथ, कानाला दडे बसल्यागत हुतंय हो इथं." वैजनाथनं ते हसण्यावारी नेलं. भिंत जाड झाली की आवाज घुमायचा नाहीच. पण मग त्याच्याही ध्यानात येऊ लागलं. हातोडा ऐरणीवर पडे तेव्हा हाताला झटका कळायचा, ठणठण मात्र ऐकू येत नव्हती. दैवशाला दारातून जेवायला हाक मारायची, तिचे ओठ हलताना दिसायचे आणि हाक अर्ध्या वाटेतच विरायची. ज्या भिंतीवर दिवसभर ऊन नसायचं, ती मागची भिंत हाताला कोमट लागायची. निजलेल्या जनावराच्या कुशीला हात लावावा तशी.

ज्ञानूचा आवाज बसला. उन्हाळ्यात थंड पाणी प्यायली असेल म्हणून दैवशालानं हळद-दूध दिलं. आवाज आणखी खोल गेला. मग ती कुजबुजू लागली, मग नुसते ओठ हलवू लागली, आणि एका सकाळी ओठही हलेनात. तुळजापूरच्या डॉक्टरनं टॉर्च मारून घसा पाहिला. घसा साफ होता, ताप नव्हता, पोर खात-पीत होती. "भ्यालीय का कशाला?" त्यांनी विचारलं. ज्ञानू त्यांच्याकडे नुसती बघत राहिली.

घर सुनं सुनं झालं. दैवशाला भाकरी थापता थापता थांबायची आणि पदरानं डोळे पुसायची. म्हाळसाबाईनं शेडाच्या बाजूला पाऊल टाकणं सोडलं होतं. आणि वैजनाथ, ज्याला कशाचं भय माहीत नव्हतं, तो मनातून पुरता हादरला. लेकीचा आवाज परत आला नाही तर? 

टळटळीत दुपार होती. ज्ञानूला दैवशालानं घरात आपल्या डोळ्यांसमोर निजवलं होतं. वैजनाथ शेडात एकटाच तार भरत होता. आज किती तरी दिवसांनी वेढे बरोबर पडत होते. हात सुरळीत चालला होता, मन निवलं होतं, आणि बराच वेळ त्याला समजलंच नाही की असं का.

मागून कुणीतरी बोलत होतं.

"...मग बाई म्हणल्या, पिल्लं शाळेत आणायची न्हाईत. मग म्या म्हणलं..."

त्याची बोटं थिजली. हे तिनं मागंच सांगितलं होतं. हेच शब्द, हाच ठसका. तो उठला आणि भिंतीला कान लावला. प्लायवूडच्या आत, लोकरीच्या पोटात, त्याची लेक बोलत होती.

"ज्ञानू?"

आवाज थांबला. आणि मग, जे तिनं कधीच सांगितलं नव्हतं ते आलं.

"आप्पा, मला आत ठिवून तुमी जेवायला कशाला जाता?"

वैजनाथनं पहार घेतली. प्लायवूड तडतडा उचकटलं. दोन्ही हातांनी लोकर ओढून तो दारातून अंगणात फेकू लागला. फेकता फेकता त्याला कळलं, की जितकी लोकर बाहेर जातेय तितका आवाज बारीक होतोय.

"आप्पा, नका. गार लागतंय."

बाहेर ऊन मी म्हणत होतं.

गलका ऐकून सगळी अंगणात आली. दैवशालानं तो आवाज ऐकला आणि वळून ज्ञानूच्या मिटलेल्या ओठांकडं पाहिलं. म्हाळसाबाई मात्र घरात गेली आणि माळ्यावरची पिंजायची जुनी कमान घेऊन आली. 

"आता तरी पिंजू दे," ती म्हणाली. "वारं लागलं की सुटंल."

तिनं अंगणातल्या लोकरीत कमान धरली आणि तिच्या ताणलेल्या दोरीवर, तातीवर, पहिला ठोका दिला.

शेडातून किंकाळी आली.

पोर भाजल्यावर ओरडते तशी.  वैजनाथनं म्हातारीच्या हातातून कमान हिसकावली. मग मागं वळून ज्ञानूकडे पाहिलं.

ज्ञानू घराच्या दारात उभी होती. किंकाळीनं झाडावरचे कावळे उडाले होते. ती दचकलीसुद्धा नव्हती.

"म्हातारीचं ऐक रे," म्हाळसाबाई कळवळून म्हणाली. "एवढी तरी पिंजू दे."

"न्हाय." वैजनाथ रडत होता. "तिला लागतंय, आय."

संध्याकाळपर्यंत त्यानं सगळी लोकर वेचली. एकही पुंजका वाऱ्यावर जाऊ दिला नाही. ती हलक्या हातानं परत भिंतीत भरली आणि वरून प्लायवूड ठोकलं. शेवटचा खिळा बसला तशी आतून खुदकन हसण्याचा आवाज आला.

तेव्हापासून ती सगळी शेडातच बसतात. दैवशाला तिथंच ताटं वाढते. भिंत शाळेच्या गोष्टी सांगते, मांजरीच्या सांगते, आणि दैवशाला रडता रडता हसते. म्हाळसाबाई मामाकडं राहायला निघून गेली. गिऱ्हाईकं कमी झाली, पण वैजनाथला त्याचं काही वाटेनासं झालंय. मुकी का होईना, लेक मांडीवर असते आणि तिचा आवाज कानाशी असतो. दोन्ही एका छपराखाली आहेत, एवढ्यावर त्यानं मनाची समजूत घातलीय.

परवा दिवेलागणीला असाच बसला होता. दैवशाला भाकरी आणायला घरात गेली होती. ज्ञानू त्याच्या मांडीवर डोकं ठेवून निजली होती. तो तिच्या केसांतून हात फिरवत होता.

"आप्पा," भिंत म्हणाली, अगदी हळू, कुणी ऐकू नये अशी. "एक इचारू?"

"इचार की, बाळा."

"तुमच्या मांडीवर कोण निजलंय?"

वैजनाथचा हात केसांतच थांबला. त्यानं सावकाश खाली पाहिलं.

ज्ञानू जागीच होती. तिनं हात वर केला आणि आपलं बोट हलकेच त्याच्या ओठांवर ठेवलं.