पांढऱ्या साडीची घडी

ट्रंकेची कडी खणकन वाजली आणि दुपारची शांतता मोडली.

पंचशीला दचकली. सकाळपासून गल्ली गप्पच होती. संक्रांत असूनही वाणाची ताटं घेऊन कुणी बाया फिरत नव्हत्या. चौकात पोलिसांची गाडी उभी होती, आणि विद्यापीठाच्या नामांतराची बातमी आल्यापासून परभणीनं जसा काही श्वास रोखून धरला होता. संध्याकाळी विहारात जमायचं, असं वस्तीत ठरलं होतं. नेसायची साडी काढावी म्हणून तिनं पलंगाखालची ट्रंक ओढून ठेवली होती... पण तिच्याआधी यशूनंच ती उघडली.

सहा वर्षांची यशोधरा दोन हातांवर दोन साड्या घेऊन उभी होती. एक पांढरी, बारीक निळ्या काठाची. दुसरी गर्द हिरवी, जरीची, जिची घडी कधी मोडलीच नव्हती.

"आई, तुझ्या लग्नातली कुठली गं ह्यातली?"

आतल्या खोलीत सासूबाई पडल्या होत्या. पंचशीलेनं तिकडं एकदा पाहिलं आणि आवाज हळू केला. "पांढरी."

"कुणी घेतली?"

"तुझ्या पप्पानी," ती म्हणाली, आणि निळ्या काठावरून बोट फिरवता फिरवता ते दुकान तिच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं.

तेव्हा ती कॉलेजात होती. पिंगळीहून रोज पॅसेंजरनं परभणीला यायची. तिचे वडील सटवाजी रेल्वेच्या लाइनवर कामाला. वैशाखातली दुपार होती. बाजारात धुळीची अशी वावटळ उठली की डोळे उघडेनात, म्हणून हाताला लागली त्या दुकानाची पायरी ती चढली. चपला काढल्या, गादीच्या कडेला बसली, तोंडावरची धूळ पुसली. समोर एक सडपातळ तरुण मांडीवर कापड मोजायचा गज घेऊन बसलेला.

"काय दाखवू?"

"पांढरी साडी. चांगली पायजे."

त्याचा हात थबकला. त्यानं नजर खाली घातली. मागच्या फळीवरून एक जाडंभरडं, बिनकाठाचं पांढरं पातळ काढलं, अलगद तिच्यापुढं ठेवलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला,

"लय वाईट झालं... कोण गेलं?"

पंचशीला त्याच्याकडं पाहतच राहिली. मग त्या पातळाकडं पाहिलं. आणि तिच्या ध्यानात आलं.

"अजून कुणी गेलं न्हाई," ती म्हणाली. "रविवारी जाईल. माझी ताई. नांदायला."

"नांदायला?"

"लगीन हाय तिचं. आमच्यात नवरी पांढरी नेसती."

तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. पातळ उचलायच्या गडबडीत मांडीवरचा गज खाली पडला, आणि गज उचलताना डोकं गल्ल्यावर आपटलं.

"चुकलं माझं. आधी इचारायला पायजे हुतं."

"तुमच्या दुकानात पांढरं नेसून नुसतं रडतेतच का?"

"आजपावतर तसंच हुतं," तो डोकं चोळत म्हणाला. "आज तुमी हसलाव."

खरंच, ती हसत होती. तिचं तिलाच कळलं नव्हतं.

मग त्यानं वरच्या फळीवरचं सगळं पांढरं खाली काढलं. एकेक उलगडून उजेडात धरलं, मान हलवून बाजूला ठेवलं. शेवटी एकावर थांबला. तलम, आणि काठ बारीक निळा. "नुसतं पांढरं नवरीच्या तोंडाला उदास दिसतंय. हा काठ चालंल?"

निळा काठ! तो चालेल का, हे तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. तिनं नुसती मान हलवली.

त्या दिवसानंतर त्या तरुणाची, नागनाथची, विचारायची रीतच बदलली. बाजारातली बाकी दुकानं आधी विचारायची, "कितीपर्यंतची दाखवू?" आणि समोरची बाई तिथंच अंग चोरून बसायची. नागनाथ विचारायचा, "कुठं जायचं हाय?"

"शाळेत," पंचशीला एकदा म्हणाली. "मास्तरणीच्या जागेसाठी बोलावलंय."

त्यानं मातकट रंगाची सुती साडी पुढं केली.

"इतकी साधी?"

"साहेबाला तुमचं बोलणं ऐकू आलं पायजे. भडक साडी मधी मधी बोलती."

जागा मिळाली. पेढे द्यायला म्हणून ती गेली, तर मैत्रिणीच्या बाळाच्या बारशाची साडी घेऊन आली. ("सुतीच घ्या. लेकरू मांडीवर बसलं की भिजवणारच.") मग आईसाठी, म्हणजे सगुणाबाईसाठी, लुगडं. हातात पैसे थोडे, आणि ते न बोलताच त्याच्या ध्यानात आलं. एका टोकाला रंग उतरलेलं, पण उंची पोताचं नऊवारी त्यानं काढलं.

"हा डाग आत जातो. नऊवारीच्या निऱ्यांत बाईचं अख्खं दुःख झाकून जातंय, ह्या डागाचं काय घेऊन बसलाव?"

"तुमी साड्या विकताव का गोष्टी?"

"साडी विकतो. गोष्ट वरून देतो."

असं होता होता एक दिवस असा आला की तिला काहीच घ्यायचं नव्हतं. आभाळ भरून आलेलं, दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही. तरी ती पायरी चढली. गादीवर एक लांबलचक जांभळी साडी पसरलेली होती.

"आज कुठं जायचं हाय?"

"कुठंच न्हाई..."

त्या साडीचं एक टोक त्यानं हातात घेतलं आणि दुसरं तिच्याकडं केलं. "जरा धरा. एकट्याला नीट घडी घालता येत न्हाई."

"रोज एकटेच घालताव की."

"रोज तुमी नसताव."

ती उठली. दोघांनी साडी ताणली, मधोमध दुमडली. तो दोन पावलं पुढं आला, ती दोन पावलं पुढं गेली. काठाला काठ जुळला. पुन्हा मागं, पुन्हा पुढं. बाहेर टपटप थेंब पडू लागले होते. शेवटच्या घडीला त्याची बोटं तिच्या बोटांवर आली... आणि कुणीच हात काढून घेतला नाही.

"पंचशीला," तो म्हणाला. आजवर त्यानं तिचं नाव घेतलं नव्हतं. "माझ्यासंगं लगीन करशील?"

तिनं साडी त्याच्या हातात दिली. "आधी घरी इचार. मग मला."

तो शब्द फिरवेल याची तिला धास्ती नव्हती. धास्ती घराची होती. नामांतरापायी गावोगावी घरं जळाल्याला फार वर्षं झाली नव्हती. सटवाजीच्या मावसभावाचं घर त्यात गेलं होतं. आणि नागनाथ वाण्याच्या घरातला एकुलता एक.

नागनाथ घरी बोलला. त्याचे वडील दिनकरराव गल्ल्यावरून मान वर करीनात. आई कस्तुराबाई जेवीना. बरेच दिवस असे गेले, आणि मग तिनं पेटीतून हिरवा शालू काढला.

"ह्याच्यात आली तर ओवाळून घरात घेते," ती म्हणाली. "पांढऱ्यात माझ्या उंबऱ्यात पाय नको. आमच्यात पांढरं कधी नेसतेत, तुला म्हाईत हाय. जित्या लेकाच्या लग्नात मी ते बघायचं?"

इकडं पिंगळीला सटवाजी म्हणाले, "त्यांच्या घरात द्या म्हणलीस, बाई, मी हो म्हणलो. पण हे पांढरं अंगावर यायला आपल्या मान्सानी काय काय सोसलंय. हिरवं नेसलीस तर मी मांडवात बसणार न्हाई. रागानं न्हाई गं... मला बघवणार न्हाई."

लग्नाआधी नागनाथ पिंगळीच्या स्टेशनावर आला. हातात पिशवी. फलाटावरच्या बाकावर त्यानं दोन्ही साड्या ठेवल्या, एक हिरवी, एक पांढरी, आणि दोघंही उभीच राहिली.

"अख्ख्या बाजाराला साड्या निवडून देतो मी," तो म्हणाला. "ह्यातली मला निवडता येईना. तूच सांग."

पंचशीलेला राग आला, आणि त्याचा उतरलेला चेहरा पाहून तो रागही धड टिकेना.

"मी न्हाई सांगणार. मी सांगितली तर उद्या तुझी आई म्हणल, तिनं नेली माझ्या लेकाला." ती थांबली. "आज मी इचारते. तुला कुठं जायचं हाय?"

लांबून गाडीचा आवाज येऊ लागला. रुळांतून एक बारीक थरथर फलाटापर्यंत आली. नागनाथ त्या हिरव्या शालूकडं पाहत होता. त्याच्या आईनं तो किती वर्षं सुनेसाठी जपला होता, हे पंचशीलेलाही ठाऊक होतं.

"तुझ्यासंगं," तो म्हणाला.

"मग कुठली?"

त्यानं हिरवी साडी उचलली आणि पिशवीत घातली. मग पांढरी उचलून तिच्या हातात दिली. निळ्या काठाची.

"ही तर ताईच्या साडीसारखीच..."

"जोडीची हाय. त्याच दिवशी बाजूला काढून ठेवली हुती."

"कुठल्या दिवशी?"

"तुमी हसलाव त्या दिवशी," नागनाथ म्हणाला, आणि लहान पोरासारखा तोंड फिरवून रडला.

लग्न विहारात लागलं. नवऱ्याकडचं कुणी आलं नाही. ती बाजू रिकामी दिसू नये म्हणून सगुणाबाई आणि चार बाया उठून तिकडच्या सतरंजीवर जाऊन बसल्या. नागनाथ पांढऱ्या सदऱ्यात, पंचशीला पांढऱ्या साडीत. सटवाजी सगळ्यांत पुढं, ताठ बसलेले. हिरवा शालू परत द्यायला नागनाथ घरी गेला, तर कस्तुराबाईनं दार उघडलं नाही. "ठेव तुझ्यापाशीच," एवढंच आतून आलं.

तेव्हापासून तो शालू ट्रंकेत होता. नागनाथनं दुसऱ्या गल्लीत लहानसं दुकान टाकलं, यशू झाली, चालायला लागली. कस्तुराबाई आली नाही. आणि मग गेल्या वर्षी दिनकरराव गेले. पंचशीलेला तेराव्यालाही कुणी बोलावलं नाही.

पुढं एका सकाळी दाराशी चाहूल लागली. तिनं दार उघडलं. उंबऱ्याबाहेर कस्तुराबाई उभी होती. हातात एक पिशवी. अंगावर बिनकाठाचं, जाडंभरडं पांढरं पातळ. पदर असा आवळून धरलेला, जसं काही तेच कुठंतरी लपवायचं होतं.

"येऊ का?"

ह्या बाईला द्यायची उत्तरं पंचशीलेनं मनात किती वर्षं रचून ठेवली होती. पण ती आत गेली, तांब्या भरून आणला, सासूच्या पायांवर पाणी घातलं आणि हात धरून तिला उंबऱ्याच्या आत घेतलं.

"आई, सांग ना!" यशूनं पदर ओढला. "म्हणजे पांढरी साडी आनंदाची असती?"

"हो गं. म्हणून तर आज मी हीच नेसणार. आजोबा वाट बघत असतील विहारात. किती वर्षं थांबले ते ह्या दिवसासाठी."

आतल्या खोलीतली बाज करकरली. कस्तुराबाई दारात येऊन उभी राहिली. किती वेळ जागी होती, कोण जाणे. तिची नजर यशूच्या हातावरच्या हिरव्या शालूवर गेली. ती जवळ आली, बसली, आणि शालूवरून हात फिरवला.

"घडी मोडली न्हाईस?"

"न्हाई, आत्याबाई."

"कामून?"

"तुमी नेसवाल म्हणून ठेवली हुती."

कस्तुराबाईनं शालू मांडीवर घेतला. तिच्या पातळाच्या पांढऱ्यावर तो हिरवा रंग जास्तच गर्द दिसत होता. यशू एकदा आजीकडं पाहत होती, एकदा आईच्या हातातल्या साडीकडं. कपाळाला आठ्या घालून तिनं बराच विचार केला.

"आई... आजी तर रोज पांढरी नेसती," ती म्हणाली. "मग ती हसत कामून न्हाई?"